काकांच्या रक्तातलं प्रथिन

भीती ही विद्या असती, तर माझ्या मावशीचे यजमान त्या विद्येच्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले असते. रोह्याला नदीपल्याड अष्टमी गावात राहणारे हे काका आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. पण विज्ञानानं त्यांना धीर दिला नाही, घाबरायला नवनवी कारणं तेवढी पुरवली. गॅस बंद केल्यावरही ते शेगडीला कान लावून बसत. आंबा कापण्याआधी त्याच्याकडे असं रोखून बघत, की आंब्यालाच गुन्हेगार वाटावं. मावशी म्हणायची, "ह्यांना शिंक आली तरी मृत्युपत्र आठवतं!"

गेल्या हिवाळ्यात नेहमीच्या तपासणीत त्यांच्या रक्तातलं सीआरपी नावाचं प्रथिन वाढलेलं निघालं. अंगात कुठं सूज असली, जंतू शिरले, की ते वाढतं. पण काकांनी मोबाइलवर वाचलं, की ज्यांच्यात हे जास्त, त्यांना पुढं कॅन्सरचा धोकाही जास्त. झालं! हे प्रथिनच कॅन्सर करतं असं ठरवून त्यांनी डाळ, अंडी, वाल, सगळं सोडलं. मावशीचा मला पेणला फोन आला, "ये रे बाबा. हा माणूस नुसती पेज पिऊन जायचा."

मी पोचलो, त्या दिवशी शेजाऱ्यांनी पोपटीतल्या, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा आणून दिल्या होत्या. काका खुर्चीसकट मागे सरकले. "प्रथिन हाय त्यात!" मी थट्टा करणार होतो, पण त्यांचे गाल पार आत गेले होते. त्यांना घेऊन मी तडक रोह्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"काका, हे खाण्यातलं प्रथिन नाय. तुमचं यकृतच ते बनवतं," त्या म्हणाल्या. "कुत्रं भुंकतं ना दारात, तसं समजा. कुणीतरी शिरलंय एवढंच ते सांगतं. चोर असेल, नायतर मांजरही असेल."

"आणि कुत्रंच पिसाळलेलं असलं तर?"

बाईंनी टॉर्च उचलला. "खरंय. हे प्रथिन नुसती खूण, की तेच रोगाला कारण, यावर संशोधकांची अजून चर्चा चाललीय. बरेचसे खूणच म्हणतात. पण मी छातीठोक सांगणार नाय. आपण आधी मांजर शोधू. आ करा बघू."

मांजर दाढेत बसलं होतं. दाढ किडून मुळाशी पू धरला होता, आणि दाताच्या डॉक्टरच्या धास्तीनं काका कित्येक महिने एकाच बाजूनं चावत होते! दाताच्या दवाखान्यात दाढ काढताना त्यांनी माझं मनगट असं आवळलं, की दात कुणाचा उपटतायत ते मला कळेना.

पुढच्या तपासणीत प्रथिन उतरलं. ते ऐकून आम्ही पायी अष्टमीला परतत होतो. मला वाटलं, आता काका हसतील. पण पुलाच्या मध्यावर ते थांबले.

"आमचा अण्णा आतड्याच्या कॅन्सरनं गेला. थोरला भाऊ माझा. त्याचं रक्त वेळेत तपासलं असतं तर कळलं असतं, नाय?"

"कदाचित कळलं असतं."

"व्हय. पण कळून थांबलं असतं का रे?"

काका उत्तरासाठी थांबले नाहीत. चष्मा काढून, पुसून, तो पुन्हा नीट लावून ते चालू लागले.