न रडणाऱ्या आईचा दाखला

हातात माईक आला की माझ्या अंगात येतं. तीस वर्षं गारखेड्यातल्या शाळेत इतिहास शिकवला, त्याची ही खोड. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की फादर माझ्याकडंच बघतात, आणि मी असा चेहरा करतो, की अरे देवा, यंदाही मीच का! खरं तर भाषण चार दिवस आधीच तयार असतं. विषय ठरलेला, दुःखी मरियामाता. काळजात दुःखाच्या सात तलवारी घुसल्या तरी लेकाच्या क्रुसाखाली ताठ उभी, डोळ्यांत टिपूस नाही. श्रद्धा म्हणतात ती हीच. एवढं बोलून मी जरा थांबायचो आणि मग दुसरा दाखला द्यायचो, माझ्या आईचा.

तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. अजिंठ्याला त्याचं शिलाईचं दुकान होतं, आई त्याच्याकडंच राहायची. मशिनवर बसल्या बसल्या छातीत कळ आली, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. कब्रस्तानात पेटी खाली सोडताना आईनं हेल काढला. आमच्या गावाकडच्या बाया मयताशी बोलत बोलत रडतात. घरातली सगळी गाऱ्हाणी त्याला सुरात सांगतात. मला ते कायम गावंढळ वाटायचं. त्यात माझ्या शाळेतली मंडळी आलेली. मी तिच्या कानाशी लागलो, "आई, मरियामातेचं बघ. ती रडली का? उभी राहिली ती." आई गप झाली. मी तिला माझ्या घरी घेऊन आलो, पण त्यानंतर तिला रडताना कुणी पाहिलं नाही.

लोक म्हणाले, काय हो श्रद्धा माउलीची! मी ती श्रद्धा उचलली आणि भाषणात घातली. जालन्यापर्यंत सांगत फिरलो. वर आणखी एक शहाणपण केलं. गुड फ्रायडेला मेलेल्या ख्रिस्ताची लाकडी मूर्ती वेदीपुढं निजवतात, तेव्हा चर्चमधल्या म्हाताऱ्या तिच्याजवळ बसून असाच हेल काढायच्या. तो मी कमिटीत ठराव करून बंद पाडला. का, तर शांतता भंग होते!

यंदा गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात भाषणाची तालीम करत होतो. आई खाली बसून लसूण सोलत होती. 'डोळ्यांत टिपूस नाही' इथपर्यंत आलो, तर म्हणाली, "हे लिहिलंय व्हय पुस्तकात?"

"म्हणजे काय! योहानानं लिहिलंय."

"वाच बरं."

चष्मा लावून बायबलातलं योहानाचं शुभवर्तमान वाचलं. आई क्रुसाजवळ उभी होती, एवढंच. म्हटलं, दुसरीकडं असेल. मत्तय पाहिला, मार्क पाहिला, लूक पालथा घातला, खालच्या बारीक टीपासुद्धा सोडल्या नाहीत. कुठंच नाही. ते 'टिपूस नाही' माझ्या पदरचं होतं.

"नाही लिहिलेलं," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. "मंग मला कशापायी सांगितलं रं? म्या म्हटलं, तू शिकलेला, पुस्तकात असंल. आपण रडलो तर देवावर भरवसा नाय असं व्हईल, लेकराला तिकडं त्याची शिक्षा व्हईल. तीन वरसं पदर तोंडात कोंबून निजले मी."

कुणाच्या वाढदिवसालाही पाऊण तास बोलणारा मी! शेवटी तोंडातून निघालं काय, तर, "मग आता रड ना, आई."

"आता? नळ हाय का त्यो?" म्हणाली आणि उरलेला लसूण सोलायला लागली. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मी जेमतेम दोन मिनिटं बोललो. म्हणालो, मरियामाता रडली नाही असं मी इतकी वर्षं सांगत आलो, ते कुठंही लिहिलेलं नाही, ते माझं आहे, मला माफ करा. फादरांनी चकित होऊन घड्याळ पाहिलं. मग मूर्तीचे पाय चुंबायला रांग लागली. आईचा नंबर आला. ती वाकली, दोन्ही हातांनी लाकडी पाय धरले आणि उठेचना. मागं रांग खोळंबली. आणि मग तिचा आवाज चढला. माझ्या भावाला तिनं त्याच्या लहानपणीच्या नावानं हाक मारली.

कमिटीचे सेक्रेटरी लांबून मला हातवारे करायला लागले, थांबवा म्हणून. बरोबरच आहे, ठराव माझाच होता. मी मान हलवून नाही म्हटलं. तोवर आणखी दोन म्हाताऱ्या तिच्याशेजारी जाऊन बसल्या होत्या.

"तुझ्या भावानं मला रडू दिलं नाय रं बाळा," आई सुरात सांगत होती, "तीन वरसं रडू दिलं नाय. पर त्याच्यावर राग धरू नको. वाईट नाय त्यो. त्याला सोताला रडाया येत नाय रं, म्हून त्यो बोलत ऱ्हातो."

अख्ख्या चर्चनं ऐकलं. भावाच्या मातीला मी रडलो नव्हतो, हे तिच्याशिवाय कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.