बाबांनी जोडलेला मांजा

जानेवारी लागला की नागपुरात लोकांना तिळगूळ आठवतो, मला गळे दिसायला लागतात. सिग्नलला थांबलेल्या माणसांचे, दूधवाल्याचे, डबलसीट चाललेल्या पोरींचे. कोणाच्या गळ्याला काही गुंडाळलंय आणि कोणाचा उघडा आहे, हे पाहिल्याशिवाय मला राहवत नाही. नायलॉन मांजावर बंदी आहे, हे कृपा करून मला सांगू नका. बंदी कागदावर आहे आणि मांजा झाडावर.

आम्ही राहतो बेसा भागात, एका नव्या लेआउटमध्ये. नवरा कळमेश्वरच्या कारखान्यात आहे, तो कंपनीच्या बसनं जातो, त्यामुळे त्याचा गळा काचेआड असतो. लेक मात्र शहरात बर्डीच्या बाजारपेठेत एका सोनोग्राफी सेंटरच्या काउंटरवर बसते आणि रोज मोपेडनं ये-जा करते. आई गेल्यापासून माझे बाबाही आमच्याकडेच असतात. त्यांचं उभं आयुष्य हातमागावर गेलं. माग विकावा लागला तेव्हा ते एका शाळेत चौकीदार झाले, पण कोणी विचारलं तर अजूनही स्वतःला विणकरच म्हणवतात.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या फाटकासमोरच्या कडुनिंबावर एक बगळा उलटा लटकलेला दिसला. पंखात मांजा अडकला होता आणि तो जिवंत होता. फडफडायचा, थांबायचा, पुन्हा फडफडायचा. बाबांनी बांबूला आकडी बांधली आणि अर्धा तास खटपट करून त्याला खाली उतरवलं. पंखाच्या सांध्यात मांजा हाडापर्यंत गेला होता. संध्याकाळपर्यंत तो बुटांच्या खोक्यात बसून होता, मग मान टाकली. बाबा त्या खोक्यापाशी बराच वेळ उकिडवे बसले होते. म्हणाले, "धाग्यानं जीव घेतलेला म्या पयल्यांदा पाह्यला." ज्या माणसाला धाग्यानं जगवलं, त्याला ते फार लागलं असणार.

तेव्हापासून आमचं काम सुरू झालं. काम म्हणजे काही मोहीम वगैरे नाही, फलक नाही, टोप्या नाहीत. संक्रांतीनंतर रोज सकाळी आम्ही चौघं बांबू आणि पिशव्या घेऊन निघायचो: बाबा, मी, मागच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षिकाबाई आणि समोरच्या घरातले बँकेत काम करणारे गृहस्थ. झाडावरचा, कुंपणावरचा, रिकाम्या प्लॉटमधल्या गवतातला मांजा काढायचा. गवतातला आधी, कारण तो गाईच्या पोटात जातो. जाळायचा नाही, कारण त्या धुरानं वेगळं दुखणं. बाईंनी नियम घालून दिला होता: बोटभर तुकडे करायचे, बाटलीत भरायचे, झाकण घट्ट लावायचं. बाई चाळीस वर्षं शिकवून आलेल्या, त्यांचा नियम मोडायची आमची छाती नव्हती.

तो मोडला बाबांनी.

गुंता घरी आणला की मी कात्री घेऊन बसायचे. बाबाही बसायचे, पण त्यांचा हात कात्रीकडे जायचाच नाही. त्यांची बोटं आधी टोक शोधायची. मग गुंता हळूहळू सुटायचा, तुटलेलं टोक दुसऱ्या टोकाला जोडलं जायचं, आणि ती विणकराची बारीक गाठ पडायची, जी बोटाला जाणवते पण डोळ्याला दिसत नाही. मग तो धागा कांडीवर चढायचा. मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्यात बसवायच्या त्या छोट्या नळ्या, कांड्या, त्यांनी जुन्या घरातून येताना पिशवीभर आणल्या होत्या. गुलाबी मांजा, त्याला हिरवा, त्याला पांढरा, त्याला केशरी. महिनाभरात खिडकीत कांड्यांची रांग लागली.

मी एकदा म्हटलं, बाबा, हे तोडायचं असतं. ते म्हणाले, तोडतो ना. नाही तोडलं. विणकराच्या घरात धागा तुटला तर माणूस जेवण सोडून उठतो आणि आधी तो जोडतो. लहानपणी माझ्या हातून धागा तुटला की आई मारायची नाही, पण दिवसभर बोलायची नाही. तोडायचा म्हणून धागा हातात घेणं बाबांना ह्या जन्मात जमणार नव्हतं.

आणि मी गप्प बसले, हे मला कबूल करायला हवं. आई गेल्यावर पहिल्यांदाच ते काम करताना गुणगुणत होते. मला तेवढं पुरेसं वाटलं. दुसऱ्याच्या पोरांना मांजावरून भर रस्त्यात दम देणारी मी, माझ्याच खिडकीत तो पक्का होऊन बसला होता आणि मला त्याचे रंग छान वाटत होते.

गेल्या डिसेंबरात समोरचे गृहस्थ आले. कुंड्यांवर हिरवी जाळी बांधायची होती. "काकाजी, मजबूत धागा आहे का जी तुमच्याकडं?" बाबांकडे कोणी धागा मागितल्याला किती वर्षं झाली असतील! ते खिडकीतून चार कांड्या घेऊन आले आणि वर सांगितलं, ओढून पहा, हात कापेल पण गाठ सुटणार नाही. मी चहा ओतत होते. ऐकलं आणि साखर घातली.

संक्रांतीला लेकीला सुट्टी नव्हती, आजार सणावार पाहत नाही. सकाळी मी तिच्या गळ्याला ओढणीचे तीन वेढे दिले. ती म्हणाली, श्वास कोंडतो. म्हटलं, कोंडू दे. चालवताना फोन घ्यायचा नाही, हेही रोजच्यासारखं बजावलं.

दुपारी साडेतीनच्या सुमारास मी कपडे काढायला गच्चीवर गेले. आभाळभर पतंग, चारी बाजूंनी स्पीकर आणि "ओ काट"च्या आरोळ्या. समोरच्या गच्चीवर ते गृहस्थ चक्री पायाशी ठेवून पतंग उडवत होते. मी सहज त्यांच्या धाग्याकडे पाहिलं. उन्हात थोडा गुलाबी चमकला, मग हिरवा, मग पांढरा, मग केशरी. असा मांजा कुठल्याही दुकानात मिळत नाही. माझ्या हातातले कपडे खाली पडले.

मी ओरडले, पण स्पीकरपुढे माझा आवाज काय पोचणार. त्याच वेळी कुठल्यातरी दूरच्या गच्चीवरून त्यांचा पतंग कापला गेला. तो डुलत डुलत बेसा रोडच्या दिशेनं निघाला आणि त्याच्यामागे ती लांबच लांब रंगीत शेपटी. त्यांनी माझ्याकडे पाहून हात हलवला. तीन वाजता लेक बर्डीहून निघते.

खाली येऊन मी बाबांना एवढंच सांगितलं की तुमचा मांजा रस्त्यावर पडला आणि पोरगी त्याच रस्त्यानं येऊन राहिली. चप्पल घालायलाही न थांबता त्यांनी कोपऱ्यातला बांबू उचलला. मी फोन लावत होते. रिंग जात होती आणि ती उचलत नव्हती. चालवताना फोन घ्यायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं, आणि त्या दिवशी मला माझ्याच जिभेचा राग आला.

बेसा रोडवर नेहमीसारखी गर्दी. मान वर करून पाहिलं तर आभाळाशिवाय काही दिसेना. बारीक धागा उजेडात असतो आणि नसतोही. बाबा रस्त्याच्या मधोमध गेले आणि बांबू छातीपुढे उभा धरून चालायला लागले, म्हणजे धागा आडवा आलाच तर आधी बांबूला लागेल. अनवाणी, सत्त्याहत्तर वर्षांचे. गाड्या हॉर्न देत बाजूनं जात होत्या, एकानं शिवी दिली. मी कडेनं हात पसरून दुचाकीवाल्यांना हळू जा, हळू जा म्हणत होते आणि लोक मला वेडी समजून हसत होते. पुढच्या वळणावर घोळका दिसेल, घोळक्यात मोपेड पडलेली दिसेल, हेच डोळ्यांपुढे येत होतं, आणि तरी वळण लवकर यावं असं वाटत होतं.

वळणावर घोळका नव्हता. दुभाजकावर लेक बसली होती, मोपेड कडेला उभी. ओढणी मांडीवर होती. मी ती उलगडून पाहिली. दोन वेढे ब्लेडनं कापल्यासारखे आरपार गेले होते, तिसरा शाबूत होता. हनुवटीखाली नखानं ओढल्यासारखी एक लाल रेघ.

तिच्या डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत मांजा आठाच्या आकड्यासारखा गुंडाळलेला होता, शेवटचं टोक आत खोचलेलं. बाबा गुंडाळतात अगदी तसा. "तिथंच सोडला असता तर मागच्याले लागला असता ना, आबा," ती आजोबांना म्हणाली. तोडायचं तिच्याही मनात आलं नव्हतं.

बाबांनी तिचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून धाग्यावरून बोट फिरवलं. गुलाबी, गाठ. हिरवा, गाठ. पांढरा, गाठ. त्यांना एकही गाठ सुटलेली सापडली नाही. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि पुन्हा कधी पाहायला मिळू नये असं वाटलं.

"तुटाले पाहिजे होता, वं," ते मला म्हणाले. "गाठीवर तुटाले पाहिजे होता. म्या बांधली म्हणून नाही तुटला."

घरी आल्यावर त्यांनी माझ्याकडून कात्री मागून घेतली. खिडकीतल्या सगळ्या कांड्या पुढ्यात घेतल्या आणि बोटभर तुकडे करायला लागले. प्रत्येक वेळी कात्री मिटली की त्यांचे डोळे मिटायचे. स्वतःच्या बोटांवरचा त्यांचा भरवसा उडाला होता, म्हणून प्रत्येक तुकडा माझ्या चिमटीत देऊन विचारायचे, "गाठ राह्यली का, पाह्य बरं." संध्याकाळी समोरचे गृहस्थ फाटकाशी आले. साधी सुती सद्दी संपली होती जी, म्हणून पतंगाला हा जोडला, म्हणाले. हातात तीन कांड्या होत्या. बाबांनी त्या घेतल्या आणि पुन्हा कात्री उचलली.

दिल्या होत्या चार. चौथीतला फार तर निम्मा धागा लेकीच्या हातावर आला होता. बाकीचा मध्येच कुठेतरी तुटून पतंगाबरोबर गेला, कुठल्या झाडावर, कुठल्या वळणावर, ठाऊक नाही. आता संक्रांत असो नसो, बाबा रोज सकाळी बांबू घेऊन निघतात, मी मागे पिशवी घेऊन. ते वर फांद्यांकडे पाहतात, मी समोरून येणाऱ्यांच्या गळ्यांकडे. तो उरलेला धागा अजून सापडलेला नाही. गाठ पक्की आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.