विळ्याचा डाग

नातीला तापात आकडी आली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला लहानपणी यायची का?" आणि मला करपल्या कातडीचा वास आला.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, आमच्या कुरवंडे गावातली गोष्ट. माझा तान्हा भाऊ तापाने फणफणला होता. घोंगडीत गुंडाळून त्याला चुलीपाशी निजवलं होतं. एकाएकी त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठले. आत्याने विळा विस्तवात खुपसला.

आई रडत म्हणाली, "वन्सं, नगा. ह्याच्या बापालाबी अशीच यायची न्हवं?"

"व्हय. डाग दिला म्हनून तर त्यो वाचला."

विळा लाल होईस्तोवर आकडी थांबली होती, भाऊ शांत निजला होता. तरीही आत्याने त्याच्या पोटावर विळा टेकवला. तो डाग चिघळला, त्यातच भाऊ गेला.

"माझ्या भावाला यायची," मी म्हणाले.

"घाबरू नका आजी, आपोआप थांबते."

"त्याचीही आपोआपच थांबली होती."