अवस सुटेपर्यंत थांबा

पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. पण बाळ सासरचं, हेही ठरलेलंच. त्यामुळं सकाळी कळा सुरू व्हायच्या आधीच माझं पाणी गेलं आणि आई-वडलांनी आणि काकानं मला इस्लामपुरातनं सांगलीच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा पोट माझं असलं तरी निर्णय कुणाचा, याचा पत्ता नव्हता.

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "पाणी गेलंय, फार थांबलं तर बाळाला जंतुसंसर्गाची भीती. कळा आणायला गोळ्या देता येतात, नाहीतर सलाईनमधून औषध. सलाईनचा वेग हातात राहतो, पण पडून राहावं लागतं. दोन्ही चालतात. ठरवून सांगा."

ठरवून सांगा! आमच्या लोकांना असं सांगतात होय?

वडील म्हणाले, "पावण्यांना इचारल्याबिगर कसं?" लगेच औंधला, माझ्या सासरी फोन, तोही स्पीकरवर. सासरे फौजेतनं रिटायर. ते गरजले, "सलाईन! काम फत्ते!" माझा काका उसातला माणूस; त्याच्या मते ठिबकनं काय बी जोमात येतं. आईला सुई बघवत नाही, म्हणून तिची पसंती गोळीला. मग सासूबाई बोलल्या, "अमावस्येचं पोर चांगलं न्हाई. आज अवस हाय. सांजच्याला सुटतीया. जे औषध लय हळू चालतं तेच द्या. न्हाईतर तवर काईच नगं." पुण्याहून फोनवर घेतलेला नवरा म्हणाला, "आई म्हणते तसं करा."

मी तिथंच कॉटवर होते हो! पाणी झिरपतच होतं. आत बाळाला काही झालं तर, हीच मला भीती, आणि यांचं पंचांग संपेना. शेवटी डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. "तुला काय वाटतं गं?"

सकाळपासून पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. मी ओरडलेच, "सलाईन लावा! आत्ता!" वडील चपलेकडं बघत राहिले.

दुपार कलायच्या आत लेक झाली. ठणठणीत. रडून तिनं दवाखाना डोक्यावर घेतला, आणि मी पण रडले.

बारशाला सासरे सगळ्यांना सांगत होते, सलाईनची ऑर्डर मीच दिली. सासूबाईंनी भटजींना जन्मवेळ परस्पर सांगून टाकली होती, अवस सुटल्यानंतरची. पत्रिका वाचून भटजी खूश. "लय नशिबाची पोर हाय," म्हणाले.

हाय की. पत्रिकेतली पोर जन्माला आली, त्या घडीला माझी लेक दूध पिऊन कुशीत झोपली होती.