अक्कांचं सोवळं आणि घामेजलेली भिंत

आमच्या थोरल्या जाऊबाई तुंगाबाई. मी त्यांना अक्का म्हणते. चामराजपेटेत त्यांच्या सोवळ्याचा दरारा असा, की मांजरसुद्धा लांबून जातं. रोज सकाळी उद्याच्या पूजेचं लुगडं धुवायचं आणि निजायच्या खोलीत छताखालच्या दांडीवर काठीनं वाळत घालायचं. त्याला परक्याचा हात लागला की विटाळलं. कबुतराचं पीस पडेल म्हणून वरचा झरोका पुठ्ठ्यानं बुजवलेला, खिडक्या बंद. त्यांना सांगणार कोण, माझ्या बापाची छाती नव्हती.

त्याच खोलीत माझे थोरले दीर शामसुंदर निजतात. गेल्या वर्षापासून त्यांना खोकला लागला, जिना चढताना धाप लागायची. भिंतीला ओल होती. अक्कांनी गच्चीला दोष दिला, गच्ची नव्यानं गिलावून घेतली. ओल हटेना. एक दिवस कपाट सरकवलं, तर मागची भिंत बुरशीनं काळीकुट्ट. असल्या हवेत आम्ही माणूस निजवला होता.

मग अक्का भाचीच्या बाळंतपणाला बेळगावला गेल्या. मी माझ्या घरून, जे. पी. नगरहून, भावजींना डबा आणायचे. पाऊस रोज कोसळत होता आणि भिंत मात्र सुकत चालली. भावजींचा खोकला उतरला. मला काही उमगेना.

अक्का परतल्या, भिंत सुकलेली पाहिली, आणि दांडीवर पुन्हा ओलं लुगडं चढलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर खिडकीच्या काचेवर थेंब, भिंत ओली, भावजी खोकतायत. अक्का काचेवर बोट ठेवून उभ्या होत्या.

"महानंदा, मी नव्हते तेव्हा पाऊस होता ना गं?"

"होता की, रोज."

"मग हे पाणी माझ्या लुगड्यातलं."

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. गच्ची, पाऊस, सगळ्यांना शिव्या घातल्या आणि ओल आपल्याच दांडीवरून उतरत होती! अक्कांनी काठीनं पुठ्ठा ढोसून पाडला, खिडक्या उघडल्या आणि लुगडं उचलून थेट गच्चीवर नेलं. तिथे भाडेकऱ्यांचे कपडे वाळतात.

"अगं, कुणाचा तरी हात लागेल," भावजीच म्हणाले.

"लागू दे," अक्का म्हणाल्या.

दुपारी सर आली. भाडेकऱ्यांची मुलगी भव्या धावत खाली आली, कोरडं लुगडं छातीशी घट्ट धरून. "अज्जी, भिजलं असतं बघा."

आता हे परत बादलीत जाणार आणि पोरीची खरडपट्टी निघणार. अक्कांनी मागे वळून खोलीत पाहिलं. आत भावजी उघड्या खिडकीपाशी झोपले होते, न खोकता.

"सरी, बरं, इकडे दे," म्हणत त्यांनी लुगडं हातात घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच नेसून त्या देवापुढे बसल्या.