रशियन नाच आणि होस्टेलचा फॉर्म

हे अंकुशनगरच्या कारखान्यात कारकून होते, तेव्हाची गोष्ट. माझा डी.एड.ला नंबर लागल्ता, औरंगाबादला. होस्टेलच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती, नवऱ्याची नाहीतर सासरच्या मोठ्या माणसाची. चार दिवस मी फॉर्म यांच्यापुढं धरत होते आणि हे "बघू" म्हणत होते. फारच मागं लागले की म्हणायचे, "आईला चालणार न्हाई." सोमवारी शेवटची तारीख होती.

तेवढ्यात कुणीतरी यांना जालन्याच्या टॉकीजचे फुकट पास दिले. रविवारी सकाळचा खेळ, रशियन नाचाचा सिनेमा. बॅले म्हणतात म्हणे त्याला. मला नाचाशी काय करायचंय? पण दोन तास हा माणूस जागचा उठणार नाही, म्हणून मी लगेच हो म्हटलं. सासूबाईही निघाल्या आणि बराबर आम्हा दोघांच्या मध्ये बसल्या. आता बोलणार काय, डोंबल?

पडद्यावर कोणी बोलेचना. नुसतं वाजवणं आणि नाचणं. मागून लोक ओरडायला लागले, "आवाज टाका की." बऱ्याच वेळानं कळलं, यात बोलणं नसतंच. एक काडीसारखी पोरगी चवड्यांवर उभी राहून गरगर फिरत होती. सासूबाई एकटक पाहत होत्या. "पोरीचे पाय दुखत असतील वं," म्हणाल्या. मला मात्र बसवत नव्हतं. पर्समधला फॉर्म सारखा चाचपून बघत होते. किती वाजले असतील, एवढंच डोक्यात.

वाजवणं अगदी टिपेला गेलं, तशी मी सासूबाईंच्या पाठीमागून वाकले आणि यांच्या कानाशी ओरडलेच, "अहो, सही करता का न्हाई?"

नेमकं तेव्हाच वाजवणं थांबलं. सगळ्या टॉकीजनं ऐकलं. कोणीतरी फिस्सकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी मान वळवली. "कशाची सही?"

म्हणजे यांनी आईला विचारलंच नव्हतं. चार दिवस तिचं नाव सांगून माझी बोळवण चालल्ती. माझं डोकंच फिरलं. तिथंच, अंधारात, सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. दोन वर्षं राहावं लागेल, हेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा पडद्याकडं पाहत बसल्या. धड हो नाही, धड नाही नाही. उरलेला अर्धा तास मी कसा काढला, माझं मला ठाऊक.

बाहेर आल्यावर सासूबाई सरळ तिकिटाच्या खिडकीशी गेल्या. आत शिक्क्याची शाई होती. "कागद दे," मला म्हणाल्या, आणि फॉर्मवर अंगठा उठवला.

खिडकीतला माणूस म्हणाला, "मावशी, अंगठ्याखाली साक्षीदाराची सही लागती."

सासूबाईंनी फॉर्म लेकापुढं धरला.

"पालक व्हायला तर जमलं न्हाई तुला," त्या म्हणाल्या. "साक्षीदार तरी हो."

यांनी खिशातला पेन काढला.