पायाळू मेट्रन

पाचगणीच्या शाळेत मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून लागले तेव्हा मला इंग्रजीत आकडे, वार आणि ‘थँक्यू’ एवढंच नीट येत होतं. वर्षभर काम बघायचं आणि मग कायम करायचं, असं ठरलं होतं. कायम झालेल्यांच्या मुलांना ती शाळा फी न घेता शिकवते. माझी मुलगी तेव्हा म्हसवडजवळच्या गावात माझ्या आईपाशी राहून चौथीत शिकत होती. पाचवीला ती इथं यावी, एवढ्यासाठीच मी घाट चढून आले होते.

नवरा फौजेत होता. सुट्टीवर आला आणि घरापासून हाकेच्या अंतरावर मोटारसायकल घसरून गेला. तेराव्यापर्यंत घरभर बायका रडत होत्या आणि मी चहा गाळत होते. सगळ्या म्हणाल्या, धक्का बसलाय तिला. धक्का बसलेल्या बाईला बाजारात किडकं वांगं ओळखू येतं का? मला येत होतं. फक्त आत काही हलत नव्हतं. दुःख नाही, भीती नाही, रागसुद्धा नाही. पाचगणीला पोहोचवायला आलेला भाऊ म्हणाला, "काय हवा हाय गं हितली!" मला ती नुसती हवा वाटली.

वसतिगृहाच्या आवारात इंग्रजीच बोलायचं, असा नियम. मुली दिवसभर कुठं ना कुठं पडायच्या, काय झालं ते मला इंग्रजीत सांगायच्या आणि मी ते त्यांच्या घरी फोनवर इंग्रजीतच कळवायचं. मला निम्मं समजायचं नाही. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरनं मला शिकवायचं मनावर घेतलं. ती सांगलीकडची, तोंडानं फटकळ, हातानं हलकी. दुपारी मुली वर्गात गेल्या की ती स्वतःच पेशंट व्हायची. घोटा धरून कॉटवर बसायची आणि कण्हायला लागायची. मी विचारायचं, ‘व्हेअर डझ इट हर्ट?’ मुरगळलं तर स्प्रेन, खरचटलं तर ग्रेझ, मुका मार बसला तर ब्रूज, नवा बूट चावला तर ब्लिस्टर, पोटरीत गोळा आला तर क्रॅम्प.

"अवं ताई, हितं माणूस कळा सोसतंय आन् तुमी भाजीचा भाव इचारल्यागत इचारताय," ती म्हणायची. "जरा कळवळून इचारा की."

"कळवळ्याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"ते आमाला बी शिकवलं न्हाई."

माझं पाठांतर मात्र भराभर झालं. डोक्यात दुसरं काही चालू नसलं की शब्द छान बसतात. वॉर्मअप, स्ट्रेचिंग, पुशअप हे पीटीच्या सरांचे शब्द मी मैदानाच्या कडेला उभी राहून उचलले. आमच्याकडं कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी. इथं बहुतेक वेळा ‘पेन’ या एकाच शब्दावर भागत होतं. कशाला जास्त खोलात जा, मला ते सोयीचंच वाटलं.

आता मी पायाळू आहे हे सांगायला हवं. म्हणजे जन्मताना माझं डोकं नाही, पाय आधी बाहेर आले. अशा माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्या भागात मानतात. मी परकरात होते तेव्हापासून लोक सकाळी दारात यायचे. वाकलेले, एक हात कमरेवर. मोठमोठी मिशीवाली माणसं ओसरीवर पालथी पडायची आणि मी भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर हलकाच पाय टेकवायची. मग थोरामोठ्यांना पाय लागला म्हणून लगेच वाकून नमस्कार करायची. उसण खरंच उतरायची का, ते मला विचारू नका. ती पाय न लावताही चार दिवसांत उतरते. पण लोक उठून ताठ चालत जायचे, आणि शाळेच्या वाटेवर मला कुणी रागवायचं नाही.

क्रीडादिनाच्या आधी उंच उडीचा सराव चालू होता. सातवीतली एक मुलगी उडी मारून गादीवर पडली ती उठेचना. दोघींनी धरून तिला दवाखान्यात आणलं. सिस्टर वाईला औषधं आणायला गेली होती, दुखण्याचा स्प्रे संपला होता. मी विचारलं, व्हेअर डझ इट हर्ट? तिनं पाठीकडं हात नेला आणि हुंदके द्यायला लागली. मी मनात म्हटलं, मसल स्ट्रेन. शब्द बरोबर होता. पुढं काय करायचं ते शब्दात नव्हतं. मी तिला चटईवर पालथी झोपवली, चप्पल काढली, टेबल धरलं आणि पाय टेकवला. तिन्ही पोरी खुदकन हसल्या. मग मी तिच्या पाठीला हात लावून तो कपाळाला लावला. थोड्या वेळानं ती उठून जेवायला गेली.

रविवारी घरी फोन करायची मुभा असते. तिनं मोठ्या कौतुकानं वडिलांना सांगितलं की मेट्रननं माझ्या पाठीवर पाय देऊन मला बरं केलं. सोमवारी वडिलांचा शाळेत फोन आला. मुलीला पायानं मारता?

प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. मी सांगितलं, बॅक पेन होता, मसल स्ट्रेन होता, स्प्रे नव्हता. इथपर्यंतचं इंग्रजी सिस्टरचं होतं. पुढचं मी मराठीत सांगितलं, जन्मापासून. मॅडमनी शांतपणे ऐकलं. त्या वाईट बाई नव्हत्या.

"हे मी त्यांना सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "आणि संस्थेच्या लोकांना तर नाहीच. तुम्ही तिला उठवत होतात आणि तुमचा पाय घसरला, असं सांगते. पुन्हा असं होता कामा नये. मुलीचा प्रवेश व्हायचाय ना तुमच्या?"

मी मान हलवली. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला आणि माझा पाय घसरवला. मला अपमान वाटायला हवा होता. मी खिडकीतून मैदानावर चुना मारणारा गडी बघत होते.

संध्याकाळी ती मुलगी माझ्यापाशी आली. ‘यू डिडन्ट स्लिप, मॅम,’ म्हणाली. मी म्हटलं, ‘गो अँड स्टडी.’

जूनमध्ये मी कायम झाले आणि माझी मुलगी पाचवीत आली. गणवेशात ती इतर पोरींसारखीच दिसायची. आवारात मला मॅम म्हणायचं, हे मीच तिला बजावलं होतं. एकदा मोठ्यानं आई म्हणाली तेव्हा मी ऐकलंच नाही. महिन्याभरात ती सरावली. माझ्या आईनं फोनवर विचारलं, "रमली का गं लेकरू?" मी म्हटलं, रमली.

पावसाळा सरता सरता पीटीच्या तासाला तिच्या पाठीत उसण भरली. दोन मैत्रिणी तिला धरून दवाखान्यात घेऊन आल्या. सिस्टर जेवायला गेली होती. मैत्रिणी दारातच थांबल्या. मी विचारलं, ‘व्हेअर डझ इट हर्ट?’ ती हळूहळू, कॉटला धरत खाली वाकली आणि फरशीवर पालथी पडली. हात मागं नेऊन तिनं शर्ट स्वतःच वर केला, गाल फरशीला टेकवला आणि डोळे मिटून वाट बघत राहिली.

"आई, लाव की," ती अगदी हळू म्हणाली.

दारातल्या पोरी बघत होत्या. मी म्हटलं, ‘सिस्टर विल कम. डोन्ट मूव्ह.’

तिनं डोळे उघडले. माझ्या पायांकडं बघितलं. मग तिनं शर्ट खाली ओढला, दुखत होतं तरी स्वतःच ओढला.

‘ओके, मॅम,’ ती म्हणाली.

तेव्हा मला इतकं दुखलं, की मी कॉटची दांडी धरून खाली बसले.